बोर्ड नव्हता, साहेब!

मुंबईत गाडी बाळगणाऱ्या माणसाचा एक लाडका सिद्धांत आहे: जिथे ‘नो पार्किंग’चा बोर्ड नाही, तिथे गाडी लावायला मुभा आहे. हवालदार मोबाइल काढून नंबरप्लेटचा फोटो घ्यायला लागला की हा सिद्धांत तीन शब्दांत बाहेर पडतो, ‘बोर्ड नव्हता, साहेब!’ तो चालला नाही तर पाठोपाठ बाकीची फौज निघते. आम्ही रोड टॅक्स भरतो. ही आमच्या सोसायटीसमोरची जागा आहे. बिल्डरने पार्किंग दिलंच नाही, मग लावायची कुठे? आणि सगळे बाण संपले की शेवटचा: या शहरातले पार्किंगचे नियम कुणाच्या बापाला कळत नाहीत.

हे शेवटचं वाक्य साफ खोटं आहे. नियम कठीण नाहीत. ते समजून घेतले, तर आपली गाडी रोज रात्री जिथे उभी असते तिथे ती उभी राहू शकत नाही, हेही मान्य करावं लागतं. न कळण्याचं कारण तेवढंच आहे.

नाहूरचं उदाहरण मुद्दाम घेतो. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं हे स्टेशन २००३ साली सुरू झालं. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग, त्याच्या डोक्यावर मेट्रो ४ चे खांब. पूर्वेला पूर्व द्रुतगती मार्ग. आणि दोन्हींना जोडणारा, रुळांवरून जाणारा गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. या पट्ट्यात कारखाने आणि गोदामं होती, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. गल्ल्या मात्र पूर्वीच्याच रुंदीच्या. सकाळी आठच्या सुमारास अशा एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा. एका अंगाला मोटारींची रांग, त्यांची दोन चाकं फुटपाथवर आणि दोन रस्त्यावर. दुसऱ्या अंगाला दुचाक्या, मध्येच एक टेम्पो. उरलेल्या पट्टीतून शाळेची बस आत येते आणि समोरून कचऱ्याची गाडी निघते. दोघांचे हॉर्न सुरू होतात, सोसायटीचा वॉचमन शिट्टी तोंडात धरून बाहेर धावतो, मागच्या तीन रिक्षांना रिव्हर्स घ्यायला लावतो. या सगळ्यातून स्टेशनकडे निघालेली माणसं आरसे चुकवत, पिशव्या छातीशी धरून, रस्त्याच्या मधून चालत असतात. फुटपाथ आहे, त्यावर गाड्या आहेत. या गल्लीत गाडीवाले मोजले आणि पायी जाणारे मोजले, तर पायी जाणारे कितीतरी जास्त भरतील. पण सोसायटीच्या सभेत ‘पार्किंगचा प्रश्न’ म्हणून जो मांडला जातो, तो गाडीवाल्यांचाच असतो.

आता बोर्डाकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी अशा तऱ्हेने उभी ठेवायची नाही, की त्यामुळे इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल किंवा होण्याचा संभव असेल. यात बोर्डाचा उल्लेख नाही. त्याच कायद्याखाली २०१७ साली वाहन चालवण्याचे विनियम आले, देशभरासाठी. गाडी कुठे लावायची नाही, हे त्यात एकेक करून लिहिलेलं आहे. फुटपाथवर नाही. सायकलच्या मार्गिकेत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर नाही. वेगाने वाहतूक चालते अशा मुख्य रस्त्यावर नाही. बसथांब्याजवळ नाही, शाळेच्या किंवा इस्पितळाच्या दारात नाही. वाहतुकीची खूण झाकली जाईल अशी नाही, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग करून नाही, कुणाचं फाटक अडवून नाही. आणि चौकाच्या कडेपासून पन्नास मीटरच्या आत नाही.

यातल्या बहुतेक जागांना बोर्ड लागत नाही. बसथांबा स्वतःच बोर्ड आहे, झेब्रा क्रॉसिंगही. लायसन्स काढताना प्रत्येकाने या प्रश्नांच्या उत्तरांवर टिकमार्क केलेली असते. तेव्हा कळत होतं, मग गाडी हातात आल्यावर कळेनासं का होतं?

पन्नास मीटरच्या नियमावर समोरच्या बाजूचं म्हणणं मी ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. पन्नास मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या नऊएक गाड्यांची रांग. नाहूरसारख्या वस्तीत चालत दोन मिनिटं गेलं की दुसरी गल्ली फुटते. दोन्ही चौकांपासून पन्नास-पन्नास मीटर सोडले तर मध्ये काय उरलं? खरं आहे, फारसं काही उरत नाही. पण याचा अर्थ नियम वेडगळ आहे असा लावायचा, की एवढ्या अरुंद गल्लीत रस्त्यावर गाडी लावायला जागाच नाही असा? मी दुसरा लावतो. त्याच कायद्याच्या कलम ११७ नुसार सरकारने किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेने, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, पार्किंगच्या जागा ठरवायच्या असतात. म्हणजे जागा आधी ठरते आणि गाडी मग लागते. आपल्याकडे गाडी आधी लागते, आणि दहा वर्षांनी तिथली सवय हा ‘पुरावा’ म्हणून पुढे केला जातो.

जिथे बोर्ड असतो तिथे तरी तो वाचला जातो का? निळ्या वर्तुळाला लाल कड आणि एकच तिरपी लाल रेघ असेल तर गाडी लावायला मनाई. माणूस उतरवून लगेच निघता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. रोज स्टेशनला बायको-मुलांना सोडणाऱ्या दहा जणांना हा फरक विचारा. सम-विषम तारखांच्या पार्किंगची तऱ्हा तर याहून गमतीची. बोर्डावर वेळ लिहिलेली नसेल, तर १४ तारखेच्या रात्री सम बाजूला लावलेली गाडी मध्यरात्री बाराच्या ठोक्याला चुकीच्या बाजूला असते. आणि महिना ३१ दिवसांचा असला की ३१ आणि १ या दोन्ही विषम तारखा लागोपाठ येतात, एकच बाजू दोन दिवस. हे लक्षात न ठेवता पहिल्या तारखेला सवयीने बाजू बदलणारे आणि पावती फाडली की ‘लूट आहे’ म्हणणारे खूप आहेत. लूट कसली, दिनदर्शिका घरात भिंतीवर टांगलेली आहे.

दोष सरकारी बाजूचाही आहे. बोर्ड पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांत लपलेले असतात. काहींवरचा रंग उडून नुसता पत्रा उरलेला असतो. काहींवर तर चक्क एखाद्या दादा-भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो, आणि त्या दादांच्या गाड्या त्याच बोर्डाखाली उभ्या असतात. रस्त्यावर मारलेले पांढरे पट्टे एका पावसाळ्यात धुऊन जातात. अशा बोर्डाखाली ई-चलन आलं तर जरूर भांडा. फोटो काढा, चलनावर तक्रार नोंदवायची सोय आहे ती वापरा. टोइंगवाल्यांची मनमानी हीसुद्धा काही कल्पित गोष्ट नाही. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी मुंबईतलं टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवलं होतं. नेमकी पुढच्या तीन मोठ्या गाड्या सोडून मागची स्कूटर उचलली जाते, हे पाहिलेल्या माणसाचा संताप मला समजतो. पण कारवाई पक्षपाती आहे, एवढ्यावरून नियम अगम्य आहेत असं सिद्ध होत नाही. पुढच्या तिघांनाही दंड व्हायला हवा होता, इतकंच होतं.

आता रोड टॅक्स. हा युक्तिवाद इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की ऐकणारा गप्प बसतो. जरा हिशोब करू. महाराष्ट्रात आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर बसतो, म्हणजे ८८ हजार रुपये. तो पंधरा वर्षांचा. दिवसाला सोळा रुपये झाले. नाहूरमध्ये सोळा रुपयांत वडापावही मिळायची पंचाईत. शिवाय हा कर जातो राज्य सरकारच्या तिजोरीत, आणि तुमच्या दारातला रस्ता असतो महापालिकेचा. तो तयार होतो मालमत्ता करातून आणि १ जुलै २०१७ ला जकात गेल्यावर तिच्या बदल्यात मिळणाऱ्या भरपाईतून. म्हणजे गाडी नसलेल्या शेजाऱ्याच्या पैशांतूनही. आणि मुळात हा कर गाडी बाळगण्याचा आहे. रात्रभर सार्वजनिक जमीन अडवून ठेवण्याचं भाडं त्यात कुणी कधी धरलेलं नाही.

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतले दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. मोठ्या मोटारीच्या पार्किंगसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा धरली जाते, म्हणजे १३.७५ चौरस मीटर. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर २७.८८ चौरस मीटरचं, आपल्या भाषेत तीनशे चौरस फूट. दोन गाड्यांची जागा आणि पाच माणसांचं घर, जवळजवळ सारखंच. ज्या शहरात तीनशे फुटांसाठी माणसं वीस-वीस वर्षं संक्रमण शिबिरात काढतात, तिथे दीडशे फूट रस्ता फुकट वापरायला मिळणं याला ‘हक्क’ म्हणायला जीभ जरा अडखळायला हवी.

‘सोसायटीसमोरची जागा आमची’ हा दावा त्याहून पोकळ आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा आहे. त्याच्या कलम २८९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित आहेत, भिंतीला लागून असोत की नसोत. कलम ३१२ ते ३१४ रस्त्यावरच्या अडथळ्यांबद्दल आहेत. ३१४ खाली पालिका असा अडथळा नोटीस न देता उचलू शकते. आता आपल्या फाटकाबाहेर बघा. तेलाचा जुना डबा, त्यात सिमेंट ओतून रोवलेला पाइप. दोन कुंड्या, त्यात सुकलेली तुळस, म्हणजे कुणी हलवायला धजू नये. फुटक्या टायरला बांधलेली साखळी, आणि भिंतीवर रंगवलेलं ‘फक्त सभासदांसाठी’. फेरीवाल्याची टोपली उचलली जाते ती याच कलमाखाली. टोपली हलवली की ‘बरं झालं, रस्ता मोकळा झाला’ म्हणणारे आपण, डबा हलवला की मात्र वॉर्ड ऑफिसला फोन लावतो.

फाटकाच्या आतली जागा तुमची, हे मात्र खरं. ते सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणि प्रकरण आपल्याच उपनगरातलं होतं. दहिसरच्या पांचाली सोसायटीविरुद्ध नहालचंद लालूचंद या बांधकाम कंपनीचा दावा होता. इमारतीखालच्या स्टिल्टमधल्या जागा फ्लॅटपासून वेगळ्या विकता येतात, असं बिल्डरचं म्हणणं होतं. ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायालयाने ते फेटाळलं. स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, ती वेगळी विकता येत नाही, असं ठरवलं. निकाल येऊन दीड दशक उलटलं. तरी कित्येक सोसायट्यांत या सामाईक जागेत काय आढळतं? जुना सोफा, गणपतीच्या मंडपाचे बांबू, परदेशी गेलेल्या सभासदाची कव्हर घातलेली आणि टायरमधली हवा गेलेली गाडी, आणि कमिटीच्या मर्जीतल्या कुणाची तरी दुसरी गाडी. आतली जागा नीट वाटायची म्हटलं तर भांडणं होतात, म्हणून बाहेरचा रस्ता वाटून घ्यायचा. रस्त्याला बिचाऱ्याला सर्वसाधारण सभेत मत नसतं.

‘बिल्डरने पार्किंग दिलं नाही’ याचं उत्तरही नियमावलीतच आहे. ४५ चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या घरांना चार घरांमागे एक गाडी, ४५ ते ६० पर्यंत दोन घरांमागे एक, ६० ते ९० ला घरटी एक, त्यापुढे घरटी दोन, असं २०१८ पासून लागू असलेल्या नियमांचं मोजमाप आहे. नाहूर-भांडुपच्या मध्यमवर्गीय घरांचा आकार लक्षात घ्या. चार घरांत एकच गाडी असेल असं धरून इमारत मंजूर झाली. चारही घरांनी गाड्या घेतल्या, तर तीन गाड्या रस्त्यावर येणार हे घर बुक करतानाच कळू शकत होतं. बिल्डर बदमाश असतीलही, आहेतच. पण त्यांनी पार्किंग दिलं नाही हे कळल्यावर गाडी न घेण्याचा पर्याय आपल्या हातात होता, आणि शोरूममध्ये हप्ता ठरवताना ती कुठे लावणार हा प्रश्न आपण विचारला नाही.

इथे लगेच येतं, ‘म्हणजे साध्या माणसाने गाडी घ्यायचीच नाही का?’ मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं धोरण जाहीर केलं, तेव्हा हीच आरोळी उठली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये नवी मुंबईच्या पार्किंगबद्दलची याचिका ऐकताना मुंबई उच्च न्यायालयानेही विचारलं होतं की, एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाला जागा नसताना चार-पाच गाड्या का घेऊ द्यायच्या? जपानने हा प्रश्न १९६२ साली कायदा करून सोडवला. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे असा दाखला पोलिसांकडून घेतल्याशिवाय तिथे मोटार नोंदवता येत नाही. टोकियोच्या गल्ल्या आपल्या गल्ल्यांपेक्षा रुंद नाहीत, पण त्या मोकळ्या असतात. आपल्याकडे असा दाखला दोन हजारांत घरपोच मिळायला लागेल ही भीती रास्त आहे, आणि ती सरकारने आधी दूर करावी. पण तत्त्वाला विरोध करताना ‘साधा माणूस’ पुढे करू नये. नाहूरचा खरा साधा माणूस ७.५२ ला, ८.१० ला दारात लटकून जातो. त्याच्या वाट्याचा फुटपाथ ज्या गाडीने खाल्लाय, ती गाडी त्याची नसते.

दंडाबद्दल माझं मत पालिकेला आवडणारं नाही. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा गाडी लावल्यास पाच हजारांपासून थेट २३,२५० रुपयांपर्यंत दंड सुरू केला. वर्तमानपत्रांना मथळे मिळाले, रस्त्यांवर चार दिवस शुकशुकाट झाला, आणि काही महिन्यांतच रक्कम खाली आणावी लागली. एवढा मोठा दंड रोज, प्रत्येकाला, न चुकता लावणं कुठल्याही यंत्रणेला जमत नाही. मग तो शंभरातल्या एकाच्या नशिबी येतो आणि उरलेले नव्याण्णव निर्ढावतात. मोटार वाहन कायद्याचा ५०० रुपयांचा दंड पुरेसा आहे, अट एवढीच की तो पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही व्हावा. आज परिस्थिती अशी की चलनांचा ढीग साचू द्यायचा आणि लोकअदालतीत सवलत मिळेपर्यंत थांबायचं, हे शहाणपण म्हणून एकमेकांना शिकवलं जातं.

ज्यांना अजूनही वाटतं की आपल्या गल्लीत बोर्ड नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ वाचावं. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा चालकाविना उभी असलेली गाडी उचलायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा. रात्री आठला ऑफिसातून आल्यावर लावलेली आणि सकाळी नऊला काढलेली गाडी तेरा तास उभी असते. हे कलम रोज रात्री नाहूरच्या गल्लोगल्ली लागू पडतं. ते वापरलं जात नाही, ही पोलिसांची मेहेरबानी किंवा मनुष्यबळाची टंचाई. मेहेरबानीला हक्क समजून तिच्यावर कुंड्या ठेवण्याचा प्रकार आता पुरे.

नाहूरच्या आणि आसपासच्या सोसायट्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्या. आतल्या स्टिल्टमधलं भंगार किती दिवसांत हलवणार, कुटुंबाच्या दुसऱ्या गाडीला आत किती शुल्क लावणार, आणि समोरच्या रस्त्यावर कायदेशीर पार्किंग होऊ शकतं का, याचं लेखी उत्तर कुणाकडून आणणार. तसा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्या, प्रत वाहतूक चौकीला द्या. जिथे रस्ता रुंद असेल तिथे पट्टे मारून मागा, वाचता येतील असे बोर्ड मागा, आणि पार्किंगचे पैसे द्यायची तयारी त्याच अर्जात लिहा. उत्तर ‘जागा नाही’ असं आलं तर ते माना. आणि अर्जावर सही करण्याआधी फाटकाबाहेरचा तो सिमेंटचा डबा आपल्या हातांनी उचलून आत घ्या.